खेळासाठी रायफल : 40 हजारांची घ्यावी की 3 लाखांची? समजून घ्या धानाच्या हिशेबात

बपेरा (ता. तुमसर, जि. भंडारा) : समजा, बपेऱ्यातील एका धान उत्पादक घरातील नववीतली मुलगी एनसीसीच्या शिबिरातून परत आली आहे. शिबिरात तिने पॉइंट टू-टू रायफलने गोळ्या झाडल्या. गोळ्यांचा झुबका नीट बसला आणि हिला नेमबाजीत घाला, असे शिक्षकांनी सुचवले. घरात पहिला प्रश्न निघतो, रायफल कितीला पडते?

मोबाइलवर शोधले की गोंधळ सुरू होतो. एक एअर रायफल आठ-दहा हजारांना दिसते, दुसरी 40 हजारांच्या आसपास, तिसरी 3 लाखांच्या पुढे. तिन्हींतून सुटणारा छर्रा 4.5 मिलिमीटरचाच. तिन्हींचे लक्ष्य 10 मीटरवरच. मग वरचे पैसे नेमके कशाचे, आणि ते पहिल्याच वर्षी मोजायचे का?

धानाच्या भाषेत हा हिशेब लवकर कळतो. 2025-26 च्या खरिपासाठी सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. म्हणजे 40 हजारांची रायफल साधारण 17 क्विंटल धानाची आणि 3 लाखांची रायफल जवळपास 127 क्विंटलची. एकरी 15 क्विंटल धरले तर पहिली एका एकरापेक्षा थोडी जास्त आणि दुसरी साडेआठ एकरांची होते. तीही खत, मजुरी, रोवणी, मळणीचा एक रुपयाही न वजा करता. शिवाय धान केंद्रावर देऊन चुकारे हातात यायला लागणारे दिवस वेगळेच.

आधी हे ठरवा : कोणती रायफल?

बातम्यांत 'रायफल नेमबाजी' एवढाच शब्द येतो, पण त्यात दोन वेगळे खेळ आहेत.

एक 10 मीटर एअर रायफल. यात बारूद नाही, दाबलेल्या हवेने शिशाचा छर्रा सुटतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत याच प्रकारात विश्वविजेता झाला. अभिनव बिंद्राचे 2008 चे बीजिंग ऑलिंपिकमधील सुवर्णही याच प्रकारातले.

दुसरा 50 मीटर रायफल. यात पॉइंट टू-टूची खरी गोळी असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली होती.

शिबिरात मुलीने जी चालवली ती दुसऱ्या प्रकारच्या घराण्यातली. पण विकत घ्यायची वेळ येते तेव्हा सुरुवात जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकाराने होते. कारण सरळ आहे. पॉइंट टू-टू हे अग्निशस्त्र आहे. त्याला शस्त्र परवाना लागतो, वयाची अट आहे, गोळ्यांवर मर्यादा आहे. नववीतल्या मुलीच्या घरी ती येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून यापुढचा सगळा हिशेब एअर रायफलचा.

एक गैरसमज भंडारा जिल्ह्यात होऊ शकतो, तो इथेच दूर केलेला बरा. जवाहरनगरची आयुध निर्माणी रायफली बनवत नाही. ती प्रणोदक आणि स्फोटके बनवते. सरकारी कारखान्यातून निघणाऱ्या स्पोर्टिंग रायफली पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या. त्यांचाही परवान्याशिवाय उपयोग नाही.

एअर रायफलला परवाना लागतो का?

शस्त्र नियम 2016 नुसार नळीचा व्यास 0.177 इंच म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एक मर्यादा ओलांडली की लागतो. स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या बरीच आत असते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 175 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा भरते 8 ज्यूलच्या आसपास.

म्हणजे जास्त पैसे मोजून जास्त ताकद मिळते, हा समज चुकीचा. उलट दुकानात 'पॉवरफुल' म्हणून दाखवली जाणारी 15 हजारांची बंदूक तीन लाखांच्या स्पर्धेच्या रायफलपेक्षा जोरात छर्रा फेकू शकते. खेळात त्या जोराचा काही उपयोग नाही. कागद फाटायला 8 ज्यूल पुरे होतात.

विक्रेते ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतात. तो द्यावा आणि पक्के बिल घ्यावे. बपेरा राज्याच्या सीमेवरचे गाव आहे, पुढे मध्य प्रदेश सुरू होतो. निवडणुकीच्या काळात सीमेवर वाहने थांबवून तपासली जातात. अशा वेळी केसमधील रायफलसोबत बिलाची प्रत आणि खेळाडूचे ओळखपत्र असले तर नाक्यावरचे बोलणे लवकर संपते.

आणि रानडुकरांचे काय, हा प्रश्न धानपट्ट्यात कोणीतरी विचारणारच. एअर रायफल त्यासाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे. आणि 8 ज्यूलचा छर्रा डुकराला फक्त जखमी करून पिसाळवेल.

आठ हजार, चाळीस हजार, तीन लाख : आत काय असते?

सर्वांत स्वस्त बंदुकीत स्प्रिंग असते. नळी मोडून किंवा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची, ट्रिगर ओढला की दट्ट्या सुसाट पुढे येतो आणि त्याच्यापुढची हवा दाबून छर्रा ढकलतो. अडचण अशी की छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच दट्ट्याचा धक्का बंदुकीला बसलेला असतो. आधी मागे, मग पुढे. नेम बरोबर धरलेला असूनही त्या दोन धक्क्यांत नळी किंचित हलते. रायफल प्रत्येक वेळी अगदी त्याच पकडीत धरली तर ती त्याच प्रकारे हलते, पण हे साधायलाच वर्ष जाते.

दुसरा प्रकार आधीच भरलेल्या हवेचा. नळीखाली एक सिलिंडर असते, त्यात उच्च दाबाची हवा भरलेली. ट्रिगर ओढला की मोजून तेवढीच हवा सुटते. मोठा दट्ट्या नाही, म्हणून धक्का जवळजवळ नाही. आजची प्रत्येक स्पर्धात्मक एअर रायफल या प्रकारची आहे. महाराष्ट्रातीलच प्रेसिहोलसह काही भारतीय उत्पादक आता असे मॉडेल बनवतात. साध्या भारतीय मॉडेलची किंमत साधारण 50 हजारांच्या आत बसते.

त्यावर परदेशी स्पर्धा रायफली. जर्मनीच्या वाल्थर, फाइनवेर्कबाउ आणि आनशुट्झ, ऑस्ट्रियाची स्टायर ही नावे कोणत्याही रेंजवर ऐकू येतात. यांचे क्लबसाठीचे साधे मॉडेल साधारण दीड-दोन लाखांच्या घरात आणि वरचे अडीच-तीन लाखांच्या पुढे जाते. भाव विनिमय दर आणि करानुसार हलतात, त्यामुळे ताजे कोटेशन घेतल्याशिवाय घरात आकडा पक्का धरू नये.

या वरच्या पैशांत चार गोष्टी मिळतात. नळी, जी एका जागी एकच भोक पाडते. ट्रिगर, जो शंभरेक ग्रॅमच्या दाबावर, दर वेळी तिथेच सुटतो. पीप साईट, म्हणजे बारीक छिद्रातून बघण्याची मागची दृष्टी, जी टिकटिक करत एकेका घराने फिरते. आणि दस्ता, ज्याचा गालाचा भाग, खांद्याचा भाग, लांबी, उंची सगळे हलवता येते.

चौथी गोष्ट पालक सहसा बघतच नाहीत, खरे तर वाढत्या वयातल्या मुलीसाठी ती पहिली हवी. नववीत बसणारा लाकडी दस्ता अकरावीत आखूड पडतो. मग मान वाकते, गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो आणि गुण का कमी झाले ते कोणालाच कळत नाही. नियमानुसार एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. तेवढे वजन 60 नेम होईपर्यंत पेलायचे असते, तेव्हा दस्ता शरीराला बसणे ही चैन नसते.

फरक गुणांत किती पडतो? थोडे गणित

10 मीटरच्या लक्ष्यावर मधला 10 गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पण छर्रा 4.5 मिलिमीटरचा आहे आणि त्याची कड ठिपक्याला शिवली तरी 10 मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की 10. त्यापुढे दर अडीच मिलिमीटरला एक गुण जातो. वरच्या स्पर्धांत तर दशांशात मोजतात, एका नेमाचे कमाल 10.9 आणि 60 नेमांचे 654.

आता रायफलची चूक आणि माणसाची चूक वेगळी करू. रायफल बाकावर घट्ट बसवून झाडली तरी छर्रे एकाच भोकात जात नाहीत, थोडे विखुरतात. माणूस हातात धरतो तेव्हा त्याची स्वतःची थरथर त्यात मिसळते. या दोन चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. दहावीच्या पायथागोरससारखेच.

समजण्यासाठी आकडे घेऊ. स्वस्त रायफलचे विखुरणे 4 मिलिमीटर, महागडीचे 1. नवशिक्या खेळाडूचे स्वतःचे 10.

स्वस्त रायफलवर एकूण : 100 अधिक 16, वर्गमूळ 10.8.

महागड्या रायफलवर : 100 अधिक 1, वर्गमूळ 10.05.

फरक 7 टक्के. लक्ष्यावर तो पाऊण मिलिमीटरही नाही. नवशिक्याच्या कार्डावर तो ओळखूही येणार नाही.

आता तीच मुलगी दोन वर्षे सराव करून स्वतःचे विखुरणे 4 मिलिमीटरवर आणते. स्वस्त रायफलवर एकूण 5.7, महागडीवर 4.1. फरक आता 37 टक्के झाला. रायफली त्याच आहेत, माणूस बदलला.

स्वस्त की महाग, या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. खेळाडू जोवर रायफलपेक्षा जास्त चुकतो, तोवर महाग रायफल पैसे खाते. खेळाडू रायफलच्या बरोबरीला आला की स्वस्त रायफल मेहनत खाते. आणि वाईट असे की दुसऱ्या परिस्थितीत दोष स्वतःचाच आहे असे मुलांना वाटत राहते. रेंजवर एखाद्या दिवशी दुसऱ्याची चांगली रायफल हातात घेऊन 20 नेम मारले की हे कळते. गुण एकदम वाढले तर वेळ आली. तेवढेच राहिले तर अजून नाही.

गणितात न बसणारी गोष्ट

नेमबाजीचा बराच सराव छर्रा न घालताच होतो. रायफल उचलायची, नेम धरायचा, श्वास सोडायचा, ट्रिगर ओढायचा. खट्. पुन्हा. याला ड्राय फायरिंग म्हणतात. यात छर्ऱ्याचा खर्च नाही, रेंज लागत नाही आणि भिंतीवर चिकटवलेला काळा ठिपका पुरतो. पावसाळ्यात रस्ते बंद असले तरी घरातल्या घरात चालते. गावातल्या खेळाडूसाठी याहून चांगली सोय नाही.

पण स्प्रिंगच्या बंदुकीने ड्राय फायरिंग करता येत नाही. पुढे छर्रा नसेल तर दट्ट्याला अडवणारी हवेची गादी राहत नाही, तो थेट आदळतो आणि सील व स्प्रिंग लवकर जातात. बहुतेक स्पर्धा रायफलींत मात्र यासाठी वेगळी सोयच दिलेली असते. हवा सुटत नाही, फक्त ट्रिगर खऱ्यासारखा सुटतो.

जवळ रेंज असलेल्या नागपूरच्या मुलाला हा मुद्दा बारीक वाटेल. बपेऱ्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर पडते. आठवड्यातून एकदा जाणे झाले तरी खूप, बाकीचे सहा दिवस घरचे. म्हणून केवळ किंमत बघून आठ-दहा हजारांची स्प्रिंगची बंदूक घेणे गावातल्या मुलीसाठी शहरापेक्षा जास्त तोट्याचे ठरते.

तिची एक बाजू मात्र खरी आहे. शालेय स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे गट असतात. ओपन साईट म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी, आपल्या साध्या बंदुकीसारखी. या गटात साध्या एअर रायफली चालतात, तिथे तीन लाखांची रायफल घेऊन जाण्याचा प्रश्न येत नाही. जिल्हा आणि विभाग पातळीवर उतरून अंदाज घ्यायचा असेल तर ही वाट स्वस्त आणि सरळ आहे. पुढे मावळंकर स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा असा रस्ता धरायचा तर मात्र पीप साईट आणि हवेची रायफल टळत नाही. (मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते.)

रायफलनंतरचा खर्च

रायफलची किंमत एकदाच द्यावी लागते. खरा घोर त्यानंतरचा.

छरे. स्पर्धेचे चांगले, सपाट तोंडाचे छरे 500 च्या डब्यात येतात आणि डबा हजार रुपयांच्या पुढे जातो. रोज 100 झाडले तर डबा पाच दिवसांत संपतो. महिन्याला सहा डबे. वर्षभर असे चालले तर छऱ्यांवरच 70-80 हजार जातात, म्हणजे स्वस्त रायफलच्या जवळपास दुप्पट. सरावाला साधे छरे, स्पर्धेच्या आधी चांगले, असा मेळ बहुतेक जण घालतात. छरे शिशाचे असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, लहान भावंडांच्या हाती देऊ नयेत.

जाकीट, पँट, बूट, हातमोजा. जाड कॅनव्हास आणि चामड्याचा हा पोशाख कंबर आणि पाठ आवळून धरतो. तो किती जाड असावा यावरही नियम आहेत. चांगला संच शिवून घ्यायचा तर तीस-चाळीस हजार सहज लागतात. नवशिक्याला तीन लाखांच्या रायफलपेक्षा नीट बसणाऱ्या जाकिटाने जास्त गुण मिळतात. वरच्या गणितात हे स्पष्ट आहे, कारण जाकीट त्या 10 मिलिमीटरला हात घालते, रायफल फक्त 4 ला.

हवा. हा खर्च कमी, पण कटकट मोठी. सिलिंडर 200 बारला भरायचे असते. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असते. म्हणजे तुमसरच्या टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हे काम होणार नाही. उच्च दाबाचा हातपंप मिळतो. त्यावर घाम निघतो, पण चालते. पावसाळ्यात दमट हवा आत गेली तर व्हॉल्व्ह गंजतो, म्हणून ओलावा शोषणारा फिल्टर हवाच. एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नये. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन सिलिंडरमध्ये भरू नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि आतले थोडेसे वंगण एकत्र आले की स्फोट होतो.

दुरुस्ती. महाग रायफल बिघडत नाही असे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये जुलै 2021 मध्ये मनू भाकरचे 10 मीटर पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि 575 गुणांसह ती बाराव्या स्थानी राहिली. ऑलिंपिकला सोबत तंत्रज्ञ असतात. बपेऱ्यात सील गेले तर रायफल केसमध्ये घालून शहर गाठावे लागेल, आणि सुटा भाग जर्मनीहून येणार असेल तर आठवडे जातील. भारतीय रायफलचा हा मोठा गुण. भाग देशात मिळतो, फोनवर कोणीतरी मराठी-हिंदीत बोलते.

ज्यांनी घरदार विकले, त्यांचे काय?

हा विषय निघाला की गगन नारंगची गोष्ट हमखास सांगितली जाते. मुलाला रायफल घेता यावी म्हणून वडिलांनी प्लॉट विकला आणि 2012 मध्ये लंडनला त्याच मुलाने कांस्य जिंकले. स्वप्नील कुसाळेच्या पदकानंतरही वडिलांनी काढलेल्या कर्जाच्या बातम्या आल्या.

गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या पदकानंतर सांगितल्या गेल्या. ज्यांनी एकर विकून रायफल घेतली आणि पोराने बारावीनंतर ती माळ्यावर टाकली, त्यांची मुलाखत कोणी घेत नाही.

स्वप्नीलच्या गोष्टीत आणखी दोन तपशील आहेत, ते सहसा पुढे येत नाहीत. पहिला, त्याची नेमबाजी सुरू झाली ती राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. 2009 मध्ये तो प्रबोधिनीत गेला, नेमबाजी तिथे निवडली. दुसरा, कर्जाची जी गोष्ट सांगितली गेली ती मुख्यतः गोळ्यांसाठीच्या खर्चाची होती. म्हणजे पुन्हा तोच रोजचा खर्च.

नदीपलीकडचे उदाहरणही असेच आहे. मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातील ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिक खेळला. तो घडला भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत. बपेऱ्याच्या मुलीला त्या राज्याची योजना लागू होणार नाही. तिला तुमसर तालुका क्रीडा अधिकारी आणि भंडाऱ्याचे जिल्हा क्रीडा कार्यालय गाठावे लागेल. प्रबोधिनीच्या निवड चाचण्या कधी आहेत, शालेय नेमबाजीच्या नोंदी कधी सुरू होतात, हे रायफलचा भाव विचारण्याआधी तिथे विचारलेले बरे.

जुनी रायफल घ्यावी का?

वरचा सगळा हिशेब एका तिसऱ्या पर्यायाकडे झुकतो. परदेशी कंपनीचे क्लब मॉडेल, वापरलेले. वरच्या पातळीवरचे खेळाडू रायफल बदलतात तेव्हा जुनी विकतात. तिची नळी हजारो छरे झाडूनही तशी झिजत नाही, कारण शिसे मऊ आणि वेग कमी. दस्ता हलवता येतो, ड्राय फायरिंग होते.

यात एक आर्थिक तर्कही आहे. समजा 40 हजारांची नवी भारतीय रायफल घेतली आणि दोन वर्षांनी मुलीने खेळ सोडला. ती 15 हजारांना गेली तर तोटा 25 हजारांचा. दीड लाखाची जुनी स्पर्धा रायफल घेतली आणि ती 1 लाख 20 हजारांना गेली तर तोटा 30 हजारांचा. म्हणजे जवळपास सारखाच.

दुकानदार आणि रेंजवरचे जाणकार हा तर्क आवर्जून सांगतात. त्यातली पळवाट अशी की तो रोखीने घेणाऱ्यालाच लागू पडतो. दीड लाख 12 टक्क्यांनी उचलले तर वर्षाला 18 हजार फक्त व्याज. दोन वर्षांत 36 हजार. मग तोटा 30 चा नाही, 66 हजारांचा झाला. हाताशी चुकाऱ्याचे पैसे असतील तर जुनी स्पर्धा रायफल. कर्ज काढावे लागत असेल तर आधी भारतीय हवेची रायफल, आणि उरलेल्या पैशात जाकीट, छरे व नागपूरच्या फेऱ्या. पहिले काही महिने क्लबच्या रायफलवर निघत असतील तर यातले काहीच न घेणे सर्वांत शहाणपणाचे.

जुनी बघायला जाताना सोबत कोणीतरी खेळाडू न्यावा, बिल आणि अनुक्रमांक जुळतो का ते पाहावे. रायफल बाकावर टेकवून त्याच छऱ्याने दहा नेम मारून बघावेत. दहाही छरे एका नखाएवढ्या भोकात गेले पाहिजेत.

आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. आंतरराष्ट्रीय नियमांत सिलिंडर बनवल्यापासून दहा वर्षांपर्यंतच चालते. तारीख उलटलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही भरू नये. नव्या सिलिंडरची किंमत वेगळी मोजावी लागते, त्यामुळे संपत आलेली तारीख दिसली की तेवढे पैसे सौद्यातून तिथल्या तिथे कमी करून घ्यावेत.

घरी सराव करायचा तर 10 मीटर अंतराला मागे-पुढे जागा धरून बारा-तेरा मीटरची पडवी किंवा आवार लागते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर. मागे छर्रा उलटा येणार नाही अशी तिरकी लोखंडी पेटी, तिच्यामागे पक्की भिंत आणि सराव चालू असताना त्या बाजूचे दार आतून कडी लावून बंद. रायफल नेहमी केसमध्ये, कुलपात, छरे वेगळ्या कपाटात.